ऐकणाऱ्याचे अंतःकरण : उपचारक आणि रुग्ण यांच्यातील सहवेदनेचे नाते

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही संस्थेच्या वाटचालीत पन्नासावे वर्ष हे जसे कृतज्ञतेचे, तसेच आत्मपरीक्षणाचे असते. किती वास्तू उभ्या राहिल्या, किती विद्यार्थ्यांना साहाय्य झाले, किती औषधोपचार शिबिरे पार पडली, याची मोजदाद अशा प्रसंगी होते आणि ती व्हायलाही हवी. परंतु सेवेचा एक प्रकार असा आहे की ज्याची पावती फाडता येत नाही आणि ज्याची नोंद अहवालात होत नाही. दुःखी माणसाचे बोलणे शांतपणे ऐकून घेणे, हा तो प्रकार होय. मानसोपचाराचे शास्त्र ज्या पायावर उभे आहे, तो पाया हाच. आजचे व्याख्यान या विषयाला वाहिलेले आहे आणि यवतमाळ जिल्ह्यात तरी हा विषय केवळ पुस्तकी राहू शकत नाही.

१९ मार्च १९८६

महागाव तालुक्यातील चिलगव्हाण या गावचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यातील दत्तपूर येथे पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपविली. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या दुर्दैवी मालिकेतील पहिली जाहीर नोंद म्हणून ही घटना ओळखली जाते. २०१७ पासून १९ मार्च या दिवशी राज्यात अनेक ठिकाणी अन्नत्याग करून त्या कुटुंबाचे स्मरण केले जाते. उपवासाचे मोल जाणणाऱ्या समाजाला या अन्नत्यागाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

त्या घटनेला आता चार दशके होत आली आहेत. या काळात जिल्ह्याच्या नावामागे जे दुःख जोडले गेले, त्याची कारणे अनेक आहेत. कोरडवाहू जमीन, पावसाचा लहरीपणा, कापसाचा भाव, खासगी व संस्थात्मक कर्ज, आजारपण, मुलीचे लग्न, व्यसन, घरातील कलह आणि उपचाराविना राहिलेले नैराश्य यांची गुंतागुंत प्रत्येक घरात निराळी असते. एकाच कारणावर बोट ठेवणे हे त्या दिवंगत माणसावर अन्याय करणारे ठरते. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीवर आलेली गुलाबी बोंडअळी कोणाच्या गोड बोलण्याने गेली नसती. तेव्हा मानसोपचार हा भावाला, पाण्याला किंवा कर्जमाफीला पर्याय आहे, असा दावा येथे मुळीच नाही. दावा एवढाच आहे की संकट आणि मृत्यू यांच्यामध्ये काही तासांचे, काही दिवसांचे अंतर असते आणि त्या अंतरात एखादा ऐकणारा माणूस उभा असेल, तर पुष्कळदा संकट तसेच राहूनही जीव वाचतो.

सहानुभूती आणि सहवेदना

आपल्याकडे 'सहानुभूती' हा शब्द फार सैल अर्थाने वापरला जातो. शोकसभेत सहानुभूती व्यक्त होते, निवडणुकीत तिची लाट येते. त्यामुळे उपचारशास्त्रात ज्याला 'एम्पथी' म्हणतात, त्यासाठी 'सहवेदना' किंवा 'समानुभूती' हे शब्द अधिक योग्य वाटतात. सहानुभूती काठावर उभी राहून हळहळते. सहवेदना दुसऱ्याच्या जागी बसून त्याचे जग त्याच्या डोळ्यांनी पाहण्याचा प्रयत्न करते आणि तरीही आपली जागा विसरत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. रुग्णाच्या मनात बदल घडून येण्यासाठी उपचारकाकडे काय असावे, याचा त्यांनी विचार केला होता. उपचारक आतून-बाहेरून खरा असावा, त्याने रुग्णाचा अटी न घालता स्वीकार करावा, आणि रुग्णाचे अंतरंग त्याच्याच दृष्टीने जाणून घेऊन ते जाणल्याची खूण रुग्णापर्यंत पोहोचवावी, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. यातील शेवटचा भाग विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. उपचारकाला आतल्या आत कितीही कळवळा आला, तरी तो रुग्णाला जाणवला नाही, तर त्याचा उपयोग होत नाही.

पुढील काळात या विचाराची कसोशीने तपासणी झाली. उपचारक व रुग्ण यांच्यातील विश्वासाचे नाते आणि उपचाराचे फलित यांचा संबंध शोधणाऱ्या २९५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासांत ३०,००० हून अधिक रुग्णांचा समावेश होता. उपचाराची पद्धत कोणतीही असो, नाते जेथे दृढ होते तेथे गुण येण्याचे प्रमाण अधिक आढळले. नाते म्हणजे औषधावर शिंपडलेले गुलाबपाणी नव्हे. ते औषधाचाच एक घटक आहे, असा याचा अर्थ होतो.

मराठीत एक म्हण आहे, 'ज्याचे जळते, त्यालाच कळते.' ही म्हण खरी मानली, तर मोठाच प्रश्न उभा राहतो. ज्या उपचारकाने कधी पेरणी मोडलेली पाहिली नाही, त्याला दुबार पेरणीचे दुःख कसे कळावे? याचे प्रामाणिक उत्तर असे की त्याला ते कळत नाही, आणि आपल्याला कळत नाही याची जाणीव असणारा उपचारकच चांगला उपचारक होतो. 'मला सगळे समजले' असे म्हणणाऱ्यापुढे रुग्ण गप्प होतो. 'नीट समजले नाही, पुन्हा सांगा' असे म्हणणाऱ्यापुढे तो बोलू लागतो. आपली दृष्टी ही सत्याची एक बाजू आहे, दुसऱ्याच्या बाजूनेही वस्तू पाहिली पाहिजे, हा अनेकान्ताचा संस्कार ज्यांच्यावर बालपणापासून झाला आहे, त्यांना सहवेदनेचे हे मर्म परके वाटू नये.

'गमत नाही' याचा अर्थ

हे मर्म प्रत्यक्षात कसे उतरते, हे पाहण्यासाठी जिल्ह्यातील एखाद्या बाह्यरुग्ण विभागाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. बाकावर माणसांची रांग आहे. राळेगावकडील एक मध्यमवयीन शेतकरी केसपेपर हातात घेऊन आत येतो. तो 'मला नैराश्य आले आहे' असे कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, डोके दुखते, छातीत धडधडते, भूक लागत नाही, झोप येत नाही. मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत सांगण्याची ही रीत सर्व ग्रामीण भागात आहे. फार तर तो म्हणेल, 'मले गमत नाही.' वऱ्हाडीत याचा अर्थ करमत नाही, जीव रमत नाही. दूरच्या शहरातून आलेल्या तरुण डॉक्टरला हा शब्द नवा असेल, तर त्या एका शब्दात दडलेले दुःख त्याच्या हातून निसटून जाईल.

आता उपचारकापुढे दोन वाटा असतात. 'टेन्शन घेऊ नका, गोळ्या देतो, पंधरा दिवसांनी या' ही पहिली वाट. दुसरी वाट अशी की तो मान वर करून विचारतो, 'भाऊ, रात्री झोप येत नाही तेव्हा मनात काय चालू असते?' या प्रश्नानंतर जो क्षण जातो, तो फार महत्त्वाचा असतो. शेतकरी खाली पाहतो, टोपी हातात घेतो. घाईतला डॉक्टर त्या क्षणात दुसरा प्रश्न विचारून मोकळा होतो. जाणता उपचारक थांबतो. पुष्कळदा त्या शांततेनंतरच पहिले खरे वाक्य येते. गोळ्या दोन्ही वाटांवर सारख्याच असू शकतात. परंतु दुसऱ्या वाटेवरचा रुग्ण त्या नियमाने घेण्याची आणि पुन्हा येण्याची शक्यता अधिक असते.

या जिल्ह्यात भाषेचा प्रश्नही लहान नाही. झरी जामणी, केळापूर, घाटंजी, मारेगाव या भागांत कोलाम व गोंड बांधव राहतात, त्यांच्या कोलामी व गोंडी भाषा आहेत. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत बंजारा समाजाची गोरमाटी बोली चालते. माणूस व्यवहार मराठीत करीत असला, तरी रडतो आपल्या भाषेत. दुभाष्याने केवळ शब्द पोहोचविले, तर अर्थ अर्धाच पोहोचतो. म्हणूनच ज्या उपचारकाने त्या बोलीतील चार शब्द शिकून घेतले, आई, शेत, झोप, भीती एवढे जरी शिकले, त्याच्याविषयी रुग्णाला निराळाच विश्वास वाटतो.

सहवेदनेला पंचांगाचेही भान लागते. ऐन निंदणाच्या दिवसांत किंवा कापूस वेचणीच्या हंगामात 'पुढच्या मंगळवारी या' असे सांगणे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एस. टी. चे भाडे मागणे होय. बाजाराच्या दिवशी बोलावले, तर तोच रुग्ण येतो. न आलेल्या रुग्णाला बेफिकीर ठरविण्यापूर्वी तो का आला नाही, हे विचारणे हासुद्धा उपचाराचा भाग आहे.

शेजारच्या जिल्ह्याचा दाखला

येथे कोणी म्हणेल, की एवढा वेळ देणारे तज्ज्ञ आणावेत कोठून? प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये व त्याचा जिल्हा पातळीवरील कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. तरीही बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे आढळले. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता, पण येथील चित्र फार निराळे असेल, असे मानण्यास आधार नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर शेजारच्या अमरावती जिल्ह्याने दिले. तेथील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबविण्यात आला. गावातील व्यक्तींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून छोट्या बैठका घेणे, मनाच्या आजारांविषयी साध्या भाषेत बोलणे, समुपदेशन करणे आणि गरज असेल तेथे मानसोपचारतज्ज्ञांकडे पोहोचविणे, अशी त्याची रचना होती. आरंभी नैराश्य असलेल्या शंभर जणांपैकी जेमतेम चार जण (४.३ टक्के) उपचार घेत होते. अठरा महिन्यांनंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ही आधीच्या व नंतरच्या स्थितीची तुलना असल्याने सारे श्रेय एका उपक्रमाला देता येणार नाही. तरीही दार ठोठावणारे कोणी आले, तर लोक दार उघडतात, एवढे त्यातून निश्चित दिसले.

गोव्यातही असेच काम झाले आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या परंतु प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत संवाद साधला. बंद पडलेल्या लहान-लहान कामांकडे रुग्णाला हळूहळू परत नेणे, हा त्या संवादाचा गाभा होता. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या रुग्णांपेक्षा या रुग्णांना अधिक आराम पडल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हे समुपदेशक रुग्णांच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेल्या भेटी एकत्र ऐकत आणि आपण कोठे घाई केली, कोठे उपदेश केला, हे एकमेकांना दाखवून देत. ऐकणे ही केवळ जन्मजात देणगी नाही. स्वाध्यायाप्रमाणे ती रोजच्या अभ्यासाने वाढणारी गोष्ट आहे, याचा हा उत्तम पुरावा होय.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात यवतमाळचा समावेश होता. गावोगावच्या आशा स्वयंसेविकांनी घरी जाऊन विचारपूस करावी, मानसिक ताण असलेल्या व्यक्ती ओळखाव्यात आणि त्यांना आरोग्य केंद्रापर्यंत आणावे, अशी ही योजना होती. आशाताई गावच्याच असतात. कोणाची विहीर आटली, कोणाच्या घरची चूल दोन दिवस पेटली नाही, हे त्यांना प्रश्नावलीशिवाय कळते. त्यांची खरी शक्ती हातातील कागदात नसून उंबरठ्यावर बसून बोलण्याच्या त्यांच्या हक्कात आहे.

नात्याच्या मर्यादा

सहवेदनेचे गुणगान करताना तिच्या मर्यादा सांगणेही कर्तव्य आहे. उपचारक हा रुग्णाचा मित्र नव्हे, भाऊ नव्हे, गुरूही नव्हे. तो रुग्णाच्या दुःखात बुडाला, तर दोघेही बुडतील. रुग्णाचे निर्णय उपचारकाने स्वतः घेऊ नयेत आणि त्याला आपल्यावर कायमचे अवलंबूनही ठेवू नये. रुग्णाला एके दिवशी आपली गरज उरू नये, हीच चांगल्या उपचारकाची इच्छा असते.

दुसरी मर्यादा गोपनीयतेची. लहान गावात बातमी पायांनी नव्हे, वाऱ्याने जाते. मानसोपचाराला गेल्याचे कळले, तर मुलीचे स्थळ मोडेल, ही भीती घरोघरी असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे व तिला शिक्षा करू नये, हे तत्त्वही याच कायद्याने स्वीकारले. कायद्याने दाखविलेली ही समज समाजाने दाखविणे अद्याप बाकी आहे. वाचलेल्या माणसाला 'असे कसे केलेस?' असे विचारणारे पुष्कळ भेटतात. 'फार सोसावे लागले का?' असे विचारणारे थोडे.

तिसरी गोष्ट उपचारकाविषयी. दिवसभर इतरांचे दुःख ऐकणारा माणूसही थकतो. त्याचे मन बोथट होते, रुग्ण हा त्याला केवळ केसपेपरचा क्रमांक वाटू लागतो. हा दुष्टपणा नव्हे, ती थकव्याची खूण आहे. त्यालाही कोणीतरी ऐकणारे लागते. जिल्ह्यातील डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक व आशाताई यांच्याशी समाज कसा वागतो, त्यांना सन्मान व उसंत देतो किंवा नाही, याचा परिणाम शेवटी रुग्णापर्यंत पोहोचतो.

गल्ल्यापलीकडचा माणूस

बंधू-भगिनींनो, रुग्ण उपचारकाकडे पोहोचण्याच्या फार आधी तो बाजारात आलेला असतो. कोणी बी-बियाणे व खते विकतो, कोणाचे कापडाचे वा किराण्याचे दुकान आहे, कोणी कापसाच्या व्यापारात वा जिनिंगमध्ये आहे, कोणाचा औषधांचा व्यवसाय आहे. गल्ल्यापलीकडे उभा असलेला शेतकरी वर्षानुवर्षे ओळखीचा असतो. नेहमी दोन गोष्टी बोलणारा यंदा गप्प आहे, उधारीची वही पाहताना त्याची नजर स्थिर नाही, 'पुढच्या साली पाहू' असे म्हणणारा 'आता कशाचं पुढचं साल' असे म्हणू लागला आहे, हे बदल दवाखान्याआधी दुकानात दिसतात.

येथे एक अवघड सत्य स्पष्टपणे बोलले पाहिजे. ज्याच्याकडे आपली बाकी आहे, त्याच्यापुढे मन मोकळे करणे कोणालाही जड जाते. ऐकणारा आणि वसूल करणारा एकच असेल, तर सहवेदनेच्या शब्दांनाही व्याजाचा वास येतो. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. माणूस खचलेला दिसेल त्या दिवशी वही मिटावी आणि हिशेब दुसऱ्या दिवसावर टाकावा. त्याला चारचौघांत तगादा लावू नये. खुर्ची द्यावी, पाणी द्यावे आणि नावाने हाक मारून विचारावे. 'हिंमत ठेवा', 'तुमच्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले' ही वाक्ये चांगल्या हेतूने बोलली जातात, परंतु ती समोरच्याचे तोंड बंद करतात. शंका आल्यास 'जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का?' असे सरळ, हळुवारपणे विचारावे. अशा विचारण्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट कोणीतरी हे ओळखले, याचा दिलासा मिळतो, असे या विषयातील जाणकार सांगतात.

उत्तर 'होय' असे आले, तर त्याला एकटे सोडू नये. घरच्या जवळच्या माणसाला बोलावून घ्यावे आणि रुग्णालयात स्वतः सोबत जावे. यवतमाळ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. केंद्र शासनाची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक निःशुल्क असून तेथे चोवीस तास मराठीतही बोलता येते. हा क्रमांक दुकानाच्या भिंतीवर, पावतीपुस्तकाच्या मागे, खताच्या दरपत्रकाशेजारी लावण्यास फारसा खर्च येत नाही. मात्र क्रमांक दाखवून बाजूला होणे आणि तो क्रमांक लावून शेजारी बसणे, यांत जे अंतर आहे, तेच सहानुभूती आणि सहवेदना यांतील अंतर होय.

विवाह, शिक्षण, व्यवसाय यांच्या ओझ्याखाली समाजातील तरुण मुले-मुली, एकाकी वृद्ध, घराघरांतील अबोल गृहिणी यांचेही मन कधी खचते, हे या संदर्भात विसरता येणार नाही. बाहेरच्याचे ऐकण्याचा सराव असलेल्या घरात आपल्या माणसाचेही ऐकले जाते.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या संस्थेचे बीज पेरले, त्यांच्याजवळ साधने थोडी होती, पण माणसाला माणसासाठी वेळ होता. आज साधने वाढली आहेत. पुढील पन्नास वर्षांच्या संकल्पात एका लहानशा संकल्पाची भर पडावी, एवढीच नम्र अपेक्षा. दारी आलेला खचलेला माणूस काही न बोलता परत जाऊ नये.

जय जिनेन्द्र.